मास्तर यंदा काय सोडणार?

फेब्रुवारी लागला की सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या डाइंग मिलमध्ये एकच चर्चा असायची: मास्तर यंदा काय सोडणार?

बॉयलरवाला, कापड रंगवायच्या जेट मशीनवरची माणसं, फोल्डिंग खात्यात ताग्यांच्या घड्या घालणाऱ्या बायका, सगळे आपापले अंदाज बांधायचे. मास्तर म्हणजे आमचे कलर मास्तर, कापडाचे रंग ठरवणारे. ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. त्यांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू व्हायचा आणि ईस्टरला संपायचा. तेवढे दिवस आवडीचं काहीतरी सोडायचं असतं, हे ज्ञान आम्हा खानदेशी मंडळींना त्यांच्याकडूनच मिळालेलं. त्यांच्या देवळातले बाकीचे लोक (चर्चला ते देऊळच म्हणत) मटण सोडायचे, कुणी विडी सोडायचा, कुणी टीव्ही. मास्तरांना हा सगळा पोरखेळ वाटे.

“मटण सोडलं की माणूस भरीत दुप्पट हाणतो,” ते म्हणायचे. “त्यात देवाला काय मिळालं? ज्याच्यावाचून आपलं पान हलत नाही ना, ते सोडून बघावं. मग कळतं आपण किती पाण्यात आहोत.”

मी मिलमध्ये लागलो त्या वर्षी त्यांनी स्कूटरचा हॉर्न सोडला होता. नव्वदच्या दशकातला उधना-पांडेसरा रस्ता ज्यांनी बघितलाय त्यांना यातलं धाडस कळेल. टेम्पो, हातगाड्या, कापडाचे ढीग लादलेल्या सायकली, आणि त्यातून हा पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ “अहो भाऊ, सरका जरा... काका, खसो ने... भैया, बाजू” असं तीन भाषांतून विनवत चाललेला. रोज अर्धा तास उशीर. शेठनी विचारलं तेव्हा म्हणाले, “शेठ, इतकी वर्षं मी लोकांना नुसतं दचकवत होतो. आता ओळखी होतायत.” आणि खरोखरच, ईस्टर येईपर्यंत त्या रस्त्यावरचे निम्मे हातगाडीवाले त्यांना थांबवून घरची खुशाली विचारायला लागले होते. त्यामुळे उशीर अर्ध्याचा पाऊण तास झाला.

पुढच्या वर्षी त्यांनी ‘गाढवा’ हा शब्द सोडला. त्या शब्दाशिवाय त्यांचं एक वाक्य पुरं होत नसे. चाळीस दिवस ते तोंड उघडत, ‘गा’ म्हणून थांबत आणि तिथून पुढे गायलाच लागत. नगरकडच्या ख्रिस्ती लोकांत भजन-कीर्तनाची रीत जुनी, त्यामुळे पदांना तोटा नव्हता. एखाद्याने फारच घोळ घातला तर अख्खं पद ऐकायला मिळे. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मास्तर पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि “घे रे गाढवा, घे रे गाढवा” करत प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत फिरले. ज्याला नुसताच पेढा मिळाला तो दिवसभर खट्टू होता.

राखेच्या बुधवारी ते सकाळी देवळात जाऊन कपाळावर राखेचा क्रूस घेऊन थेट कामावर येत. जेटवरच्या एकाने एकदा विचारलं, “मास्तर, कोनता देवना अंगारा शे हाऊ?”

“अंगारा नाही रे. आपण मातीचे आहोत आणि मातीत जाणार आहोत, याची आठवण.”

“मंग आम्हलेबी लावा. आम्ही काय सोनाना शेत?”

मास्तर खो खो हसले आणि आपल्या कपाळावरची राख बोटाने थोडी थोडी काढून एकेकाला लावत सुटले. त्यांच्या फादरना हे चाललं असतं की नाही, देव जाणे. संध्याकाळी घरी जाताना मास्तरांचं स्वतःचं कपाळ मात्र कोरं होतं.

मी अंमळनेरहून बीएस्सी होऊन सुरतेला आलो होतो. बमरोलीत खोली घेतली होती आणि मास्तरांच्या हाताखाली लॅबमध्ये लागलो होतो. त्यांनी मला नावाने कधीच हाक मारली नाही. “ए बीएस्सी” हेच माझं नाव. भेटले की “सलाम” म्हणत, निघताना “सलाम” म्हणत, आणि मधल्या आठ तासांत माझ्या डिग्रीची यथेच्छ टिंगल करत. “कॉलेजात रंगाचं सूत्र शिकवतात. रंग कोण शिकवणार? तो डोळ्याने शिकायचा असतो,” हे वाक्य मी दिवसातून दोनदा तरी ऐकलेलं आहे.

देवावर त्यांची श्रद्धा होतीच, पण त्याच्या बरोबरीने त्यांनी आपल्या डोळ्याची पूजा मांडलेली होती. लॅबला उत्तरेकडे एक खिडकी होती. रंगवलेलं कापड ते फक्त तिथे, सकाळी दहा ते अकराच्या उजेडात बघत. त्या वेळी कुणी लाल शर्ट घालून जवळ आलं तर हाकलून देत, “तुझा शर्ट माझ्या कापडावर सांडतोय” म्हणून. कापड पारखण्यासाठी शेठनी उजेडाची एक पेटी मुद्दाम आणवली होती. मास्तरांनी तिच्यावर जेवणाचा डबा ठेवायला सुरुवात केली. व्यापारी शेडला, म्हणजे रंगाच्या छटेला, नंबर देत, मास्तर नावं ठेवत: ‘शिळा चहा’, ‘सासूचा राग’, ‘तापातली जीभ’. फिक्कट क्रीम रंगाला ते ‘साय’ म्हणत. एका मोठ्या व्यापाऱ्याचं साड्यांचं कापड वर्षभर त्याच रंगात निघे, म्हणजे साय हीच आमच्या मिलची भाकरी होती.

आता खरी गंमत सांगतो. व्यापारी नमुन्याचा तुकडा पाठवतो आणि आपण कापड त्याच्याशी जुळवायचं, ही साऱ्या जगाची पद्धत. मास्तर तो तुकडा एकदाच मिनिटभर बघत, डोळे मिटत आणि तुकडा ड्रॉवरमध्ये टाकून देत. “आता तो इथे आहे,” असं म्हणून कपाळावर टिचकी मारत. पुन्हा नमुना काढून शेजारी धरून बघणं म्हणजे त्यांच्या लेखी परीक्षेत कॉपी करणं. सायीचा नमुना ड्रॉवरमध्ये गेला त्याला कित्येक वर्षं झाली होती. तरी माल बरोबर निघत होता, मग बोलणार कोण?

मास्तर चिठ्ठीवर लिहून देत, अमुक रंग इतका, तमुक इतका, आणि रंगाच्या खोलीत तो तोलून मशीनवर द्यायचं काम भटूभाऊचं. भटूभाऊ शिंदखेड्याकडचा, गोडादऱ्यात राहणारा, कमी बोलणारा माणूस. आधी लूमवर होता. मास्तरांनी त्याला तिथून उचलून आणलं आणि रंग ओळखायला शिकवलं. बारा वर्षं दोघांचं काम एका लयीत चाललं होतं. सगळ्यात जास्त ‘गाढवा’ त्याच्याच वाट्याला येई, आणि आम्हाला त्याचा थोडा हेवाच वाटे.

प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या दिवाळीआधीची गोष्ट. मास्तरांनी रंगाचे डबे तपासले, तर निळ्या रंगाचा डबा अर्धा भरलेला. चिठ्ठ्यांप्रमाणे तो तळाला जायला हवा होता. मास्तर तसेच डबा हातात घेऊन मशीन खात्यात आले. तीस-चाळीस माणसं होती, शेठही होते.

“भटू, मी लिहितो तेवढा निळा तू टाकतोस का?”

भटूभाऊ खाली बघत उभा राहिला.

“बोल ना! टाकतोस की नाही?”

“चुकी गयं, मास्तर.”

“एकदा चुकतं. हा डबा सांगतोय की तू महिनोन्महिने चुकतोयस. तुला मी रंग शिकवला, आणि तू माझ्याच कामात माती कालवलीस?” त्या दिवशी ते एकदाही ‘गाढवा’ म्हणाले नाहीत, तेव्हाच प्रकरण हाताबाहेर गेल्याचं आम्हाला कळलं. मग शेठकडे वळून म्हणाले, “शेठ, ह्या माणसाच्या हातचा रंग मला नको.”

शेठनी त्याच दिवशी त्याला घरी बसवलं. भटूभाऊ लॅबमध्ये आपली पिशवी घ्यायला आला, क्षणभर माझ्याकडे बघून थांबला. मी धुतलेलाच ग्लास पुन्हा धुवत राहिलो.

त्याच्या जागी आलेला माणूस गुंजभरही इकडचं तिकडे करत नसे. चिठ्ठीत लिहिलं ते आणि तेवढंच टाके. मास्तर त्याच्यावर खूश. आणि महिन्याभरात, मिलच्या आयुष्यात पहिल्यांदाच, सायीचा माल परत आला. व्यापाऱ्याचा निरोप: रंग निळसर मारतोय. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. मास्तरांनी बोअरच्या पाण्याला दोष दिला, रंगाच्या कंपनीला दिला, थंडीला दिला. शेवटी त्या नव्या माणसावरही उखडले. दहाच्या उजेडात कापड धरून ते म्हणत, “कुठे आहे निळसर? उलट पिवळं दिसतंय,” आणि चिठ्ठीवर निळा आणखी थोडा वाढवत.

नाताळच्या फराळाला मी त्यांच्या घरी गेलो होतो. काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, करंज्या पुढे ठेवल्या आणि सहज म्हणाल्या, “ह्यांच्या शर्टांनी वीट आणलाय बाई. नीळ अजून घाल, अजून घाल. शर्ट पिवळा दिसतो म्हणे. मला तर सगळे शर्ट आभाळासारखे दिसतात.” मास्तर आयुष्यभर पांढऱ्या शर्टाखेरीज काही घालत नसत. मी समोर बघितलं, तर सणाचा म्हणून घातलेला त्यांचा शर्ट चक्क फिकट निळा होता. माझ्या हातातली करंजी हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी मास्तर जेवायला बसल्यावर मी ड्रॉवर उघडला, सायीचा जुना नमुना काढला आणि खिडकीत आमच्या कापडाशेजारी धरला. नमुना सायीचा होता. आमचं कापड पाणी घातलेल्या दुधाचं. मास्तरांच्या डोळ्यांवर पिवळा पडदा आला होता. त्यांना सगळं जग पिवळट दिसत होतं आणि मनात जपलेल्या जुन्या सायीपर्यंत पोचायला ते बिचारे निळा ओतत होते. शेजारी नमुना धरला असता तर फरक निदान ताडता तरी आला असता. पण नमुना बघणं म्हणजे कॉपी!

मी तुकडा परत ड्रॉवरमध्ये टाकला आणि कुणालाही काही बोललो नाही. नोकरी जायची भीती, हे एक कारण. दुसरं कारण सांगायला जड जातं: माझा त्या माणसावर जीव होता. त्यांचा डोळा गेला असं त्यांना सांगणं म्हणजे त्यांच्याजवळ होतं नव्हतं ते काढून घेणं, असं मला वाटे. भित्र्या माणसाला कारणं नेहमीच चांगली सापडतात.

अशात राखेचा बुधवार आला. मास्तर कपाळावर क्रूस घेऊन आले. सगळे जमले. “मास्तर, यंदा काय सोडलं?”

“यंदा,” ते म्हणाले, “मी ‘माझंच खरं’ सोडलंय.”

लोक पोट धरधरून हसले. दुपारपर्यंत तरी टिकेल का, यावर चर्चा झाल्या. पण मास्तरांनी गंभीरपणे रीत घालून दिली. चाळीस दिवस कुठल्याही शेडवर आधी दुसऱ्याने मत द्यायचं. नमुना ड्रॉवरमधून काढून शेजारी ठेवायचा. “बीएस्सी, तू बघायचंस. तू म्हणशील ते चालेल. मी गप्प.” परत येणाऱ्या मालाने ते आतून हादरले होते, हे आता कळतं. तेव्हा मला हा हॉर्नसारखाच एक खेळ वाटला.

आणि मी काय केलं? दोन आठवडे रोज खिडकीत उभं राहून “बरोबर आहे, मास्तर” म्हणालो. ते हसून म्हणत, “बघ, सोडायला गेलो तरी माझंच खरं निघतंय.” माल परत येतच होता.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी साय खिडकीत आली. मास्तर नेहमीसारखे बाजूला उभे राहिले. चेहरा ओढलेला होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले, “थांब. नीट बघून सांग. उपास माझा आहे, पण तू खोटं बोललास तर मोडेल तोही माझाच.”

नमुना पुन्हा एकदा कापडाशेजारी धरला. मी म्हणालो, “निळसर आहे, मास्तर.”

“किती?”

“खूप.”

त्यांनी फोल्डिंगमधल्या एका बेनला हाक मारली, कापड आणि नमुना पुढे धरला. तिने सरळ सांगितलं, “आ तो भूरुं देखाय छे, मास्तर.” भूरुं म्हणजे निळं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एक डोळा हाताने झाकून बघितलं, मग दुसरा झाकून बघितलं.

“तुला कधीपासून ठाऊक आहे?”

“नाताळपासून.”

“बोलला नाहीस.”

“भीती वाटली.”

“माझी?”

मी मान हलवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि बराच वेळ त्या तुकड्यावरून बोट फिरवत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, “भटू होता तोवर एक तागा परत आला नाही.” थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले, आणि पुढे, “निळ्याचा डबा उरायचा.” मला अजून काही उमगलं नव्हतं. त्यांना उमगलं होतं.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, दोन-तीन वर्षांचा तरी जुना. मास्तर शेठच्या केबिनमध्ये गेले आणि चूक माझ्या डोळ्याची होती, चिठ्ठ्या माझ्याच चुकत होत्या, असं सरळ सांगून मोकळे झाले. शेठ व्यवहारी माणूस. म्हणाले, “मास्तर, थई गयुं ते थई गयुं. ऑपरेशन करावी लो. आ वात बहार करवानी शी जरूर?” मास्तर म्हणाले, “शेठ, त्याला मी चारचौघांत बोललो. आता कानात कसं बोलू?”

त्या शुक्रवारी दुपारी त्यांनी मला स्कूटर चालवायला सांगितली. स्वतः मागे बसले. उपवासकाळातले शुक्रवार ते फार कडक पाळत, सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंब नाही. संध्याकाळी देवळात क्रूसाच्या वाटेची प्रार्थना असे, ती चुकवलेली मी बघितली नव्हती. म्हणालो, “मास्तर, उशीर होईल देवळात जायला.”

“होऊ दे. भावाशी वाकडं ठेवून देवळात गेलं की देव म्हणतो, आधी त्याच्याकडे जाऊन ये. मग हेलपाटा कशाला? थेट गेलेलं बरं.”

गोडादऱ्यातल्या त्या गल्लीत ओळीने खोल्या होत्या. पाळी सुटायची वेळ, लूमवरची माणसं घरी येत होती, नळावर बायकांची गर्दी. भटूभाऊ ओट्यावर बसला होता. आम्हाला बघून उठला आणि बनियनवर शर्ट चढवायला लागला. त्याची बायको दारात आली. “या, बठा,” ती म्हणाली. मास्तर बसले नाहीत. गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि मशीन खात्यात बोलत त्याच आवाजात म्हणाले, “ऐका हो सगळे. मी ह्यांच्या मिलचा मास्तर. भटूभाऊंना मी सगळ्यांसमोर कामचुकार ठरवलं आणि घालवलं. ते खोटं होतं. माझे डोळे गेले होते.”

नळावरच्या बायका थांबल्या. मास्तरांच्या तोंडून ‘भटूभाऊ’ मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, “भटू, तू निळा मुद्दाम कमी टाकायचास ना?”

भटूभाऊने शर्टाचं शेवटचं बटण लावलं. आमच्याशी तो एरवी पुस्तकी मराठी बोलायला बघे, पण त्या दिवशी त्याला ते जमलं नाही. “हा,” तो म्हणाला. “माले माहीत व्हतं, मास्तर. दोन वरीस व्हयनात. तुम्ही दोन भाग लिखेत, मी एकच टाकू. तुमनाच नमुना पाही पाही टाकू.”

“तेव्हा बोलला का नाहीस? मी सगळ्यांसमोर तुझी अब्रू काढत होतो!”

“काय बोलू? मास्तरना डोया गयात, आसं बोलतू, ते सेठनी तुम्हले घर बसाडं असतं. माले लूमवर काम भेटस. तुम्हले या वयमा कोन देई?” मग म्हणाला, “रंग वळखाले तुम्हीच शिकाडं ना.”

म्हणजे हा माणूस दोन वर्षं मास्तरांची चूक गुपचूप निस्तरत होता, आणि पकडला गेला तेव्हा ती आपल्या अंगावर घेऊन गेला. मास्तरांसाठी आपण गप्प राहिलो, अशी मी माझी समजूत घातली होती. भटूभाऊही गप्पच राहिला होता. दोन गप्प राहण्यांमध्ये किती अंतर असतं ते मला त्या गल्लीत कळलं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मास्तर मटकन ओट्यावर बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. भटूभाऊची बायको तांब्याभर पाणी घेऊन आली. भटूभाऊ तिला हळूच म्हणाला, “राहू दे. त्यासना सुक्रवार शे. उपास ऱ्हास.”

त्याच्या ते लक्षात होतं. मास्तरांनी हात पुढे केला, तांब्या घेतला आणि सगळं पाणी एका दमात प्यायले. तीस वर्षांत मोडला नव्हता तो शुक्रवार त्या ओट्यावर मोडला. त्या दिवशी आम्ही देवळात गेलो नाही. चहा झाला, ठेचा-भाकरी झाली, आणि मी तिथेच भटूभाऊची माफी मागितली. तो म्हणाला, “तुमनं वय ते कमी व्हतं, भाऊ.” एवढ्यावर त्याने मला सोडलं. मी स्वतःला अजून पुरतं सोडलेलं नाही.

सोमवारी मास्तर शेठना म्हणाले, “मी ऑपरेशनला चाललो. तोवर शेड कोण बघणार? ह्या बीएस्सीला डोळा आहे, छाती नाही. भटूला दोन्ही आहे.” शेठनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. आयुष्यात इतकं खरं प्रमाणपत्र मला दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. परत येणाऱ्या मालाने शेठ कावलेच होते, त्यांनी भटूभाऊला बोलावणं धाडलं. तो आला. पहिल्या दिवशी मशीन खात्यातल्या माणसांनी काम थांबवून त्याच्याकडे बघितलं, आणि तो काही झालंच नाही असा नमुना हातात घेऊन उत्तरेच्या खिडकीत जाऊन उभा राहिला. पहिला लॉट गेला तो परत आला नाही.

ईस्टरला मास्तरांनी आम्हा दोघांना घरी जेवायला बोलावलं. भटूभाऊ बायकोला घेऊन आला होता. मास्तरांच्या घरी जायचं म्हणून टोपी घातली होती, ती दारातच काढून हातात धरली. एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोन आठवडे झाले होते. मास्तर काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते आणि दुपारच्या उजेडात तो काढायला डॉक्टरांची सक्त मनाई होती. त्यांनी अर्थातच तो काढला. भटूभाऊला खांद्याला धरून दारात उजेडाकडे तोंड करून उभं केलं. आम्हाला वाटलं, शर्टाचा रंग बघतायत. मास्तर त्याच्या तोंडाकडे बघत होते. बघतच राहिले.

“भटू, तुझे केस कधी पांढरे झाले रे?”

भटूभाऊने डोक्यावरून हात फिरवला. “व्हयनात पाच-सहा वरीस, मास्तर.”

“पाच-सहा वर्षं? रोज माझ्यासमोर उभा असायचास. मला कुणी सांगितलं नाही.”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?” काकू आतून म्हणाल्या.

“नसतं ऐकलं,” मास्तर म्हणाले. त्यांनी भटूभाऊचा हात धरला, त्याला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्याच्यासमोर खाली सतरंजीवर बसले. “आता ऐकतो. अजून काय काय बघायचं राहिलंय माझं, ते एकेक करून सांग.”